झाडून काढलेलं गंधक

"तुझ्या वडिलांनी ते गंधक ओतलंच नसेल," माझे संशोधनाचे मार्गदर्शक सर म्हणाले. "चढ बघून कंटाळले असतील."

माझं डोकंच फिरलं. बाबांनी वनरक्षक म्हणून तीस वर्षं काढली, कधी कामात कुचराई केली नाही. पण पुरावा सरांच्या बाजूने होता. गंधकाचे काही अणू नेहमीपेक्षा जरा जड असतात, त्यांना जड समस्थानिक म्हणतात. ते निरुपद्रवी असतात आणि आमच्या यंत्राला बरोबर ओळखू येतात. कारखान्याच्या धुराने आजारलेल्या उतारावर असं गंधक पाण्यातून ओतायचं आणि ते कुठे जातं ते बघायचं, हा आमचा प्रयोग. तिथल्या झाडांची मुळं मेलीत, असं सगळे धरून चालले होते; सरांनी ती तोडायची शिफारसही केली होती. म्हणजे सगळं गंधक वाहून खालच्या ओढ्यात यायला हवं होतं. तीन वर्षं झाली, ओढ्यात मागमूस नाही.

रविवारी मी घरी जाऊन सरळ विचारलं, "बाबा, तुम्ही ओतलं होतं ना?"

"चार डबे. तू सांगितलंस तस्सं." त्यांनी बूट चढवले. "चल, दाखवतो."

उतारावरचा आमचा प्रयोगाचा चौकोन अंगणासारखा लख्ख होता.

"बाबा, पानं कुठायत?"

"दर आठवड्याला झाडून काढतो ना! लेकीचा प्रयोग, चार माणसं बघायला येतात. कचरा बरा दिसतो का?"

मी कपाळाला हात लावला. कुंपणापलीकडे तीन वर्षांच्या पानांचा ढीग होता. मी पिशव्या भरत होते तेव्हा बाबा वाकून त्यांची तोंडं धरत होते. आपलं काहीतरी चुकलंय, हे त्यांना कळलं होतं.

चार दिवसांनी आकडे आले. अगदी यंदा फुटलेल्या पानांतही जड गंधक होतं. मुळांनी ते वर ओढलं होतं, पानं गळली होती आणि बाबांनी ती इमानेइतबारे कुंपणापार टाकली होती, म्हणून ओढ्यात काही उतरलंच नव्हतं. मुळं जिवंत होती! सरांनी उतारावरची झाडं तोडायची शिफारस मागे घेतली.

मी धावत घरी जाऊन सगळं सांगितलं, सरांच्या संशयासकट. बाबांचे डोळे भरून आले. मग हळूच म्हणाले, "तुलाही शंका आली होती ना?"

"आली होती," मी म्हटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"असू दे. तू येऊन विचारलंस तरी. बाकी कुणी विचारलंसुद्धा नाही."