तपासणीची चाकं

फिरोझवर कुणी खापर फोडू नये म्हणून आधीच सांगून टाकतो, त्याने मला बजावलं होतं.

त्रिनिदादमध्ये, आमच्या पेनाल गावच्या नाक्यावर त्याचं टायरचं दुकान आहे. माझ्या टॅक्सीचे टायर गुळगुळीत झाले होते, चारही बदलायचे होते. त्याने तीन टायर समोर उभे केले. पहिला माझ्याच मापाचा, तेरा इंची रिमवरचा, बाजूची रबराची भिंत जवळजवळ पाच इंच. दुसरा जरा रुंद, भिंत चार इंच. तिसरा चांगलाच रुंद, काळा कुळकुळीत, सोळा इंची चकचकीत रिमवर चढवलेला, आणि भिंत जेमतेम सव्वातीन इंच.

"उंची तिन्हींची सारखीच, वेगाचं मीटर खोटं बोलणार नाही," फिरोझ म्हणाला. "पण अंकल, हा तिसरा बुटका आहे. खड्ड्याचा दणका रबर खातं. रबरच नसेल तर कोण खाणार?"

"मी खाईन."

"आणि आंटी?"

आंटी म्हणजे माझी बायको, इंद्रौती. ती गाडीतच बसली होती. तिची मूत्रपिंडं निकामी झालेली, आठवड्यातून तीनदा तिला सान फर्नांडोला डायलिसिसला न्यावं लागायचं. तिने काच खाली केली आणि म्हणाली, "अहो, होते तसलेच घ्या ना."

"तुला काय कळतं टायरमधलं?" मी म्हणालो. तिने काच वर केली.

खरं कारण ऐका. आमच्या टॅक्सी स्टँडवर कार्लटन नावाचा एक लंबूटांग आहे, वीस वर्षांचा दोस्त. तो रोज म्हणायचा, "हरदत, तुझी गाडी बाबागाडीच्या चाकांवर चालते की काय?" सगळे हसायचे, मीही हसायचो. आणि एकसष्टाव्या वर्षी मला मिरवायची हौस आली. अक्कल गहाण टाकली, दुसरं काय.

आता एक भानगड होती. इतकं रुंद चाक मडगार्डच्या बाहेर डोकावतं, आणि सरकारी तपासणीत ते दिसलं की गाडी नापास. त्याला आमच्याकडे सगळे एकच करतात. जुनी चाकं घरात ठेवायची, तपासणीच्या दिवशी ती लावायची, स्टिकर मिळाला की परत रुंद. माझ्या जुन्या रिमांवर फिरोझने त्याच मापाचे चार वापरलेले पण चांगले टायर चढवून दिले. ती चाकं मी घरी नेऊन एकावर एक रचली. आमचं घर खांबांवर आहे, खाली मोकळं. तिथे इंद्राचा, म्हणजे इंद्रौतीचा, हॅमक होता, दोन खांबांना बांधलेली कापडी झोळी, त्याच्या शेजारी.

स्टँडवर कार्लटनने शिट्टी मारली. "काय रे, नवरदेव झालास की!" मला गुदगुल्या झाल्या. खोटं कशाला बोलू?

आमचा रस्ता तुम्हाला काय सांगू. अर्धा दरीकडे घसरलेला, उरलेल्या अर्ध्याची चाळण. पूर्वी गाडी त्यावरून डुलत जायची. आता प्रत्येक खड्डा थेट हाडात. मी स्टिअरिंग धरून असायचो, मला येणारा धक्का आधी दिसायचा. इंद्रा डाव्या सीटवर. डायलिसिसच्या सुया टोचायची जागा डॉक्टरांनी तिच्या डाव्याच हातात केलेली, आणि गाडी आदळली की तोच हात दाराला आपटायचा. ती मांडीवर उशी घ्यायला लागली, उशीवर तो हात, आणि त्यावर दुसरा हात धरून बसायची.

"जरा सैल बस की," मी म्हणायचो. "अंग ताठ केलंस की जास्तच लागतं."

"हो," ती म्हणायची.

एकदा हॅमकमध्ये पडल्या पडल्या तिने विचारलं, "त्या चाकांचं काय करणार?"

"तपासणीला लागतील ना."

"कधी आहे तपासणी?"

"आहे अजून पाच महिने."

त्या चाकांच्या ढिगावर तिने एक जुना टॉवेल घातला होता, त्यावर चहाचा कप ठेवायची. पाच महिने! अर्ध्या तासाचं काम होतं हो. जॅक गाडीतच होता.

मग मला ताप आला आणि दोन वेळा तिला कार्लटनने नेलं. त्याची गाडी म्हणजे जुनं खटारं. बरा होऊन स्टँडवर गेलो तर म्हणतो कसा, "तुझी बायको माझ्या गाडीत जाता येता घोरत होती. मऊ गादी आहे माझ्याकडे." मला वाटलं, हा माझ्या चाकांवर जळतो. मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही.

त्यानंतर तिचं सुरू झालं, आज नको, आज बरं वाटत नाही. तीनाचे दोन झाले, दोनाचा एक. मी ओरडलो, हातापाया पडलो. "मरायचंय का तुला?" असंही म्हणालो. "दमले हो," एवढंच ती म्हणाली. मला वाटलं आजाराने दमली. एका सकाळी छातीत पाणी भरलं तिच्या. गाडीत घालेपर्यंतही थांबली नाही.

अंत्यसंस्कारानंतर कार्लटन घरी बसायला आला. बराच वेळ नुसता बिस्किटाचे तुकडे करत होता. मग म्हणाला, "हरदत, एक सांगू? ती म्हणाली होती, तुझ्या गाडीत जीव शांत होतो रे कार्लटन. मी म्हटलं, मग सांग ना त्याला, चाकं बदल म्हणून. तर म्हणाली, नको, आयुष्यात पहिल्यांदा हौसेने काहीतरी घेतलंय त्यांनी."

"मग तू का नाही सांगितलंस, मेल्या?"

"सांगितलं की. तू बोलणं टाकलंस."

पुढच्या महिन्यात तपासणी आली. टॉवेल बाजूला केला, चाकं लावली. अर्धा तासही लागला नाही. सरकारी माणसाने गाडीभोवती चक्कर मारली, थोडी चालवून बघितली. "मस्त मऊ चालते, अंकल," म्हणाला आणि स्टिकर चिकटवला. त्याला पाच मिनिटांसाठी मी मऊ चाकं लावली होती. बायकोला पाच महिने ती हॅमकशेजारचं टेबल म्हणून दिली होती.

बाहेर येऊन मी किल्ली सोबत आलेल्या कार्लटनच्या हातात दिली आणि डावीकडे जाऊन बसलो. तिची उशी अजून तिथेच होती. ती मांडीवर घेतली, त्यावर डावा हात ठेवला. कार्लटनने माझ्याकडे बघितलं आणि गाडी सुरू केली.

आमच्या देवळाजवळ सगळ्यात मोठा खड्डा आहे. तो म्हणाला, "चुकवतो."

"चुकवू नको. जा सरळ."

गाडी खड्ड्यात गेली, डुलली आणि बाहेर आली. माझा हात दाराला लागलासुद्धा नाही.