हुंगून सांग

"हुंग आणि खरं सांग," माझा नवरा नॉर्ब म्हणाला आणि त्याने बाटली थेट माझ्या नाकाखाली धरली.

मी ओट्यावर ॲपल पायसाठी कणीक लाटत होते. दोन्ही हात पिठाचे, त्याला ढकलताही येईना. माजावर आलेल्या हरिणीच्या मुताची ती बाटली. आमच्या फ्रीजमध्ये ती लोण्याच्या मागे राहते. शिकारीच्या पहिल्या शनिवारी त्यात कापूस भिजवून फांदीला टांगायचा, म्हणजे वासाच्या मागावर नर येतो. आमच्या गावात घरोघरी अशी बाटली असते आणि घरोघरची बाई तिला नावं ठेवते.

झाकण उघडलं तसा झणका डोळ्यांपर्यंत गेला.

"अरे, हे उतरलंय. कित्येक दिवस न धुतलेला गोठा जसा. पाणी आलं माझ्या डोळ्यांतून."

"आणि चांगल्याला कसा येतो?"

"मला विचारतोस? उभा जन्म तूच हुंगत आलास."

तो झाकण फिरवत म्हणाला, "मला वास येत नाही, ओडील. त्या हिवाळ्यात ताप आला होता ना, तेव्हापासून. कशाचाच येत नाही."

नॉर्ब दूध काढायच्या यंत्रांचा मिस्त्री होता. गोठ्याच्या दारात उभं राहून तो सांगायचा, कुठल्या नळीत दूध आंबलंय. आसपासचे शेतकरी त्याच्या हातांपेक्षा नाकालाच जास्त मानायचे.

"ईस्टरला मी हॅम करपवला, तेव्हा तू छान झालाय म्हणालास."

"दिसत छान होता."

मला हसू आलं, पण त्याचा चेहरा पाहून ते ओठांतच राहिलं. दोन मोसम तो हेच नासलेलं पाणी स्वतःच्या हाताने टांगत होता आणि दिवसभर थंडीत वाट पाहत होता.

"मीच हाकललं हरणांना," तो म्हणाला.

लोण्याच्या मागे आणखी एक बाटली होती. याच वर्षीची, सील न फोडलेली.

"मग ही का नाही काढलीस?"

"जुनी संपली कुठे? जुनं संपल्याशिवाय नवं फोडायचं नाही. आई सांगायची."

"तुझी आई जॅमबद्दल सांगायची, नॉर्ब."

त्या संध्याकाळी चर्चच्या तळघरात मासळीचं जेवण होतं. शुक्रवारी मांस वर्ज्य, त्यात दुसऱ्या दिवशी शिकार, त्यामुळे सगळं गाव तिथेच. समोर माझा दीर यूजीन आणि त्याचा जावई टॉड बसले होते. रान सासऱ्यांच्या वेळेपासून दोघा भावांचं. हरणांसाठी दबा धरून बसायची खोपटं ज्याच्या त्याच्या नावाची, पण नियम जुना होता: ज्याच्या खोपटाला सलग तीन वर्षं पहिल्या शनिवारी काही मिळालं नाही, त्याचं खोपटं दुसऱ्याला जातं. नॉर्बचं हे तिसरं वर्ष. आणि त्याच्या गुडघ्यांना पाणथळीकाठचं ते एकच खोपटं झेपण्यासारखं होतं. ते गेलं, की नॉर्बने घरी बसायचं.

"ओडील, नवऱ्याच्या बाटलीला आता पेन्शन दे," यूजीन म्हणाला.

"माझी रसायनांपासून कारखान्यात बनवलेली आहे, काका," टॉड म्हणाला. "चार-चार वर्षं टिकते. बाटलीवर लिहिलंय तसं."

"हरणाला वाचून दाखवलंस का?" नॉर्बने विचारलं.

टेबलावर हशा झाला. यूजीन मात्र हटेना. "उद्या तू नर पाड, मी स्वतः तो शिकाऱ्यांच्या छावणीपर्यंत ओढत आणतो. टॉडला घेऊन."

"मी येते उद्या याच्याबरोबर," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. इतक्या वर्षांत मी रानात कधी गेले नव्हते.

"आणि तुझी जपमाळ?" यूजीनने विचारलं. पहाटेची माळ पूर्ण होईपर्यंत मी कुणाशी अक्षर बोलत नाही, हे लग्नापासूनचं माझं व्रत घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

"तिथेच करीन."

"मग खोपटात बसायला हिच्याइतकं लायक कुणीच नाही," तो म्हणाला.

पहाटे कोटांवर शिकाऱ्यांची नारिंगी जाकिटं चढवून आम्ही निघालो. खोपटाशी नॉर्बने सील फोडलं आणि बाटली माझ्यापुढे धरली. डोळ्यांना काही झोंबलं नाही. ओलं गवत, वासराचं ऊबदार अंग, मागे किंचित गोडसर काहीतरी. बोलायचं नव्हतं, म्हणून मी त्याचा हात धरून दाबला. त्याला कळलं. वारा आडवा होता. बेताच्या अंतरावर कापूस टांगून तो माझ्याशेजारी येऊन बसला.

मणी वाजू नयेत म्हणून मी बोटांच्या पेरांवर मोजत होते. उजाडलं. एका खारीने आम्हाला दोनदा फसवलं. नॉर्बचा श्वास जड होत चालला होता. शनिवारी माळेत येशूच्या बालपणाची 'आनंदाची रहस्यं' म्हणतात आणि त्यांतलं शेवटचं, हरवलेला लहानगा येशू देवळात सापडतो ते. तिथे पोहोचले, तेव्हा सीडरच्या फांद्या हलल्या.

नर मान पुढे ताणून आला. कापसाखाली थांबला, डोकं वर केलं आणि वरचा ओठ मुडपून हुंगत राहिला. नॉर्ब बंदूक हातात असूनही क्षणभर नुसता त्याच्याकडे बघत बसला. मग एकच बार झाला.

माझा जप अजून थोडा उरला होता. नॉर्ब जागचा उठला नाही. मी 'आमेन' म्हणेपर्यंत बंदूक उतरवून थांबला.

"मोठा आहे रे," हे माझे त्या दिवसाचे पहिले शब्द.

यूजीन आणि टॉडने तो ओढत आणला. वाटेत यूजीन तीनदा बसला आणि तिन्ही वेळा नॉर्बने त्याला विचारलं, "पेन्शन हवी का?" छावणीत खांबाला नर टांगला, तेव्हा लोक जमले. यूजीनने टोपी काढून घाम पुसला.

"खोपटं तुझं," तो म्हणाला. "पण वासाने आला की नशिबाने, देव जाणे."

"ही पहाटेपासून त्यालाच विचारत होती," नॉर्ब म्हणाला.

कॉफी आली, पाठीवर थापा पडल्या. हळूहळू सगळे शेकोटीकडे वळले. नॉर्ब खांबाला टेकून उभा राहिला. त्याने मला जवळ बोलावलं.

"आता कसा येतोय वास?"

"बर्फ पडणार आहे, त्याचा," मी म्हणाले. "पाइनचं लाकूड जळतंय. कॉफी जरा जास्त उकळलीय. रक्ताचा आहे, थोडासा. आणि यूजीनच्या कोटाचा, तो काही मी सांगत नाही."

त्याने डोळे मिटले आणि मान उंचावली.

"आणखी?"

मी त्याच्या बाजूला सरकले आणि सावकाश एकेक सांगत गेले.