पालखीतला बारा व्होल्टचा बल्ब

मित्रांनो, मी एक जुना आणि फार घाबरट बल्ब आहे. हसू नका! माझी काच लिंबाएवढी, टोपी पितळेची आणि जीव जेमतेम बारा व्होल्टचा. कुंभकोणमच्या मेलकावेरीत मराठी भजनमंडळींच्या विठोबाची पालखी निघायची, तिच्यासाठी मला आणलं. पालखीखाली मोटारीची बॅटरी बांधत आणि दोन बाजूंना आम्ही दोघे जुळे भाऊ. "काय उजेड तरी!" असं लोक म्हणत. पुढे झगझगीत माळा आल्या आणि आम्ही फडक्यात गुंडाळून भजनमंडळीतल्या कल्याणरामांच्या घरी कपाटात गेलो. तिथे आमच्यावरची 'बारा व्होल्ट' ही अक्षरंही पुसली गेली.

घोटाळा असा, की माझी टोपी घरातल्या होल्डरमध्ये अगदी नीट बसते. गेल्या गोकुळाष्टमीला कल्याणरामांनी माझ्या भावाला देवघरातल्या भिंतीवर लावलं आणि बटण दाबलं. टप्! एक लखलखाट, की संपलं.

"म्हातारा होता, गेला बिचारा," ते म्हणाले.

अहो, म्हातारा कसला! घरच्या करंटने मारलं त्याला.

यंदा माझी पाळी. कल्याणरामांच्या थोरल्या बहिणीला, त्रिपुरसुंदरीबाईंना, मोतीबिंदूमुळे अंधुक दिसतं. लहानपणी ज्या उजेडात विठोबा पाहिला, त्याच उजेडात एकदा पाहायचा, हा त्यांचा हट्ट.

"अक्का, आधी लावून बघू का?" कल्याणरामांनी विचारलं.

"अय्यो! नैवेद्य कुणी आधी चाखून बघतं का? देवाचा दिवा पहिल्यांदा देवापुढेच लागायचा."

झालं! दिवेलागणीला मी भिंतीवर. आरती सुरू आणि कल्याणरामांचं बोट बटणावर. ओरडावं तर मला तोंड नाही.

तेवढ्यात त्यांची मुलगी रम्या फुलं घेऊन आली. ती कॉलेजात विज्ञान शिकवते. तिची नजर माझ्यावर गेली.

"अप्पा, हात काढा! याची तार बघा, आखूड आणि जाड. घरच्या बल्बची लांब, बारीक असते. हा बॅटरीचा आहे."

"म्हणजे आता लावून बघणार?" आत्या रडवेल्या झाल्या.

"बघायचं नाही, आत्या. देवापुढेच लावू. पण शून्यापासून, सावकाश."

तिने मला उतरवलं. काचेला तडा नाही, टोपी ढिली नाही, हे पाहिलं. मग आपल्या खोलीतून व्होल्ट कमीजास्त करायचा डबा आणला आणि देवापुढे ठेवून मला त्याला जोडलं. तोवर मंडळी आरतीचं एकच कडवं घोळवत राहिली.

एक व्होल्ट. काही नाही. दोन. माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. इतक्या वर्षांत मी उजळायचंच विसरलो असेन तर? मग मी तांबूस झालो, केशरी झालो आणि मी किती व्होल्टचा ते ठाऊक नसल्याने रम्याने तिथेच हात थांबवला.

एवढ्याशा उजेडात विठोबाचं मुख काही दिसेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"थोडं वाढवू का, आत्या?"

त्रिपुरसुंदरीबाई डोळे बारीक करून पुढे वाकल्या. "हात लावू नकोस गं. पाय दिसले."

मित्रांनो, जुना बल्ब हाती आला तर आधी त्याची तार बघा. कळलं नाही तर जाणत्याला विचारा, पण एकदम बटण दाबू नका. सावकाश लावलं असतं, तर माझ्या भावालाही एवढं नक्की जमलं असतं.