फाटकावरचा हिरवा सात

गेले चार महिने चंद्रकुमार रोज सकाळी आठ वाजता एक बादली भरायचा. बोअरचं स्वच्छ पाणी. त्यात सेन्सरची दांडी सोडायची, वर गोणपाट झाकायचं, की कारखान्याच्या फाटकावरच्या बोर्डावर सांडपाण्याचा आकडा हिरवागार झळकायचा: सात. सात म्हणजे पाणी निर्मळ. सातच्या खाली गेलं की अ‍ॅसिड. बीएस्सी झालेल्या माणसाला बादली भरायला कुणी खुर्चीवर बसवत नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं.

कारखाना तारेचा, वरठी गावाच्या अलीकडचा. तारा अ‍ॅसिडात धुवायच्या आणि ते पाणी चुना मिसळून नाल्यात सोडायचं. नाला थेट गावतलावात. पूर्वी सरकारी साहेब जीपने यायचे, बाटलीत नमुना भरून न्यायचे. मग नियम बदलले. साहेब यायचे बंद झाले. आता कारखान्यानेच लिहून द्यायचं की आम्ही चोख आहोत. आकडे आपोआप सरकारकडे जाणार, आणि लोकांनाही दिसावेत म्हणून फाटकावर बोर्ड. फक्त लिहून देणारा एक जबाबदार माणूस हवा. मॅनेजर वीरेंद्रसाहेबांनी चंद्रकुमारला 'पर्यावरण अधिकारी' केलं, टेबलावर नावाची पाटी ठेवली आणि सही घेतली. घरी पेढे वाटले गेले. चुन्याचा पंप बंद पडला तेव्हा साहेब बादलीकडे बोट दाखवून म्हणाले, "दिवाळीपर्यंत निभावून ने." अशा गोष्टी नेहमी दिवाळीपर्यंतच निभवायच्या असतात, कोणत्या दिवाळीपर्यंत ते कुणी सांगत नाही!

यंदा पोळ्यानंतर पावसाने तोंड दाखवलं नाही. धान निसवायला आला होता. आठ दिवसांत पाणी मिळालं नाही तर दाण्याच्या जागी नुसता पोचा. गावाची सगळी भिस्त तलावावर. त्या तलावाचं पाणी वाटणारा पाणकर म्हणजे चंद्रकुमारचे वडील, भैयाजी. कुणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, कधी आणि किती पाणी, हे चाळीस वर्षं तेच ठरवत आले, आणि त्यांच्या शब्दावर कुणी हूं की चूं केलं नव्हतं.

आणि तुडूम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं तोंड, उघडायला दोन दिवस उरले असताना कारखान्यातली अ‍ॅसिडची टाकी फुटली. सगळं तलावात गेलं. चंद्रकुमारने पाणी तपासलं, तर तीन. तो धावत वीरेंद्रसाहेबांकडे गेला.

"बोर्ड काय दाखवतोय?" साहेबांनी विचारलं.

"सात."

"मग सातच. आणि सही कुणाची आहे, ते विसरू नकोस."

दोन दिवस तो गप्प बसला. घरात बापाच्या समोर बसून जेवला. घास गिळताना त्याला स्वतःची किळस येत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र राहवेना. मोटरसायकल काढून तो तलावाच्या पाळीवर, मातीच्या भरावावर पोचला तेव्हा नारळ फुटला होता, माणसं जमली होती आणि भैयाजी तुडूमाच्या लाकडी बुचाला हात घालत होते.

"बाबा, तुडूम खोलू नोका! पाणी खराब हाये."

पाणी घ्यायची पहिली पाळी कृष्णरावाची होती. तो उसळला. "काहून गा? आत्ताच फाटकावर पाहून आलो मी. सात लिवलं हाये. तूच त शिकवलं, सात म्हंजे चांगलं."

"याची बांधी टोकावर हाये," गर्दीतल्या सुलोचनाबाई म्हणाल्या. "तिथवरी पाणी पुरत नाई यंदा. म्हून आमचंही अडवून राहिला."

भैयाजींचा चेहरा काळवंडला. "चंदू, चाळीस वर्सांत माह्या हातून कोनाची पाळी चुकली नाई. आता घरच्या बांधीसाठी चुकवू?"

बादलीचं एक वाक्य बोलला असता तर संपलं होतं. पण त्या वाक्याच्या पलीकडे त्याला बेड्या दिसत होत्या. तो भित्रा होता, दुसरा शब्द नाही. तोंडाने सांगण्याऐवजी तो कारखान्यात पळाला, सेन्सर बादलीतून उपसला आणि नाल्यात खुपसला. पाळीवरून फाटक दिसायचं. बोर्ड लालभडक झाला: तीन.

पाळीवर सगळ्यांनी पाहिलं. "मशीन बिघडली," कृष्णराव म्हणाला. भैयाजींनाही ते पटलं. चार महिने ज्या बोर्डाने एकदाही दगा दिला नव्हता, पोराच्या त्या बोर्डावर त्यांचा भरवसा होता. त्यांनी बूच काढलं.

चंद्रकुमार परतला तेव्हा तीन बांध्या भिजल्या होत्या. तो पाटात उतरून आडवा उभा राहिला, आणि बादली, गोणपाट, सही, फुटलेली टाकी, सगळं रडत-ओरडत सांगून टाकलं. कृष्णराव काठी घेऊन धावला. भैयाजी मध्ये पडले नाहीत. आधी त्यांनी बूच बसवलं. काठी मात्र पडली नाही. कृष्णराव बांधावर मटकन खाली बसला आणि आपल्या धानाकडे पाहू लागला. आता पाणी दिलं तर धान करपणार, नाही दिलं तर वाळणार.

"मालकावर तक्रार लिवा," सुलोचनाबाई म्हणाल्या.

"मालकाचं नाव कोन्त्याच कागदावर नाई, काकी," चंद्रकुमार म्हणाला. "नव्या नियमात जबाबदार मानूस मीच हावो."

मग भैयाजींनी कुणाच्या तरी पिशवीतून वही काढली आणि पोरापुढे टाकली. "लिव. गावचे सारे अर्ज तूच लिवतं ना? हाही लिव."

पाळीवर मांडी घालून त्याने लिहिलं. तलाव, तारीख, टाकी, बादली. काही लपवलं नाही. 'जबाबदार व्यक्ती' इथे आल्यावर त्याने लिहिलं: चंद्रकुमार भुरे.

भैयाजी खांद्यावरून वाचत होते. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"मधात बापाचं नाव राह्यलं."

"राहू द्या ना, बाबा. तुमचा काय दोष?"

"बूच म्या काढलं," भैयाजी म्हणाले. "लिव."

त्याने दोन शब्दांच्या मध्ये, जागा नव्हती तरी, बारीक अक्षरात 'भैयाजी' लिहिलं.