जांभळीच्या वळणावर थांबणारा ट्रक

मित्रांनो, खनिजाच्या लाल धुळीत माझा मूळ रंग कधीच बुडून गेला. मी एक जुना दहाचाकी ट्रक आहे. डिचोलीच्या एका अंगणात फणसाच्या सावलीला उभा असतो. माझी गोष्ट तशी दुरुस्तीची आहे. पण ती सांगताना अजूनही माझ्या टाकीतलं डिझेल थंड पडतं.

कारखान्यातून मी बाहेर पडलो तेव्हा माझ्यात नव्या पद्धतीचा इलेक्ट्रॉनिक मेंदू बसवलेला होता. डिझेल किती, हवा किती, सगळं तोच ठरवी. विठ्ठल गावकराने मला विकत घेतलं. त्याची बायको विनोदिनी हिने माझ्या चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ वाढवला, आणि मी खाणीवर रुजू झालो. खाणीतून माल भरायचा आणि नदीकाठच्या धक्क्यावर ओतायचा, हे माझं काम. पुढे तो माल बार्जमधून मुरगाव बंदराला जाई. विठ्ठलचा हात हलका होता. गिअर टाकताना तो मला कधी दुखवत नसे. धक्क्यावरचे लोक म्हणत, "विठूचो ट्रक म्हणजे लग्नाक निघालेलो घोडो!" ते ऐकून मी मनातल्या मनात भोंगा वाजवी.

मग खाणी बंद पडल्या. मी अंगणात उभा राहिलो. माझ्या बोनेटवर कोंबड्या बसू लागल्या आणि टायरांना भेगा पडल्या. काही वर्षांनी वाहतूक पुन्हा सुरू झाली, तेव्हा विठ्ठलने मला धुऊनपुसून रस्त्यावर आणलं.

रस्त्यात जांभळीचं वळण लागतं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला जुन्या खाणीचा खड्डा. खड्ड्यात हिरवं पाणी साचलेलं आहे, आणि वारा असला तरी त्यावर लाट उठत नाही. एका दुपारी, भरलेल्या मालासकट चढ चढताना, विठ्ठलने छातीवर हात दाबला. त्याने मला कडेला घेतलं, ब्रेक ओढला, चावी फिरवून इंजिन बंद केलं, आणि मग डोकं स्टिअरिंगवर टेकवलं. ते त्याने पुन्हा उचललं नाही. पाठीमागून येणाऱ्या कुणाला साधा धक्काही लागला नाही.

पावसाळा सरल्यावर त्याचा धाकटा भाऊ कृष्णनाथ माझ्यावर बसला. पणजीच्या खाजगी बसवरची नोकरी सोडून तो भावजयीच्या मदतीला आला होता. पहिल्या खेपा नीट गेल्या. मग एका दुपारी, त्याच वळणावर, माझं इंजिन बंद पडलं.

ना खोकला, ना धूर, ना लाल दिवा. कृष्णनाथने चावी फिरवली आणि मी लगेच सुरू झालो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. रिकामा येताना कधी नाही, भरलेला जाताना मात्र तिथेच.

तिथून माझी दवाखान्याची वारी सुरू झाली. कुणी म्हणालं, डिझेलमध्ये पाणी आहे. फिल्टर बदलले, पंप बदलला. दोन दिवस बरे गेले आणि मी पुन्हा थांबलो. मग इंजेक्टरही बदलले. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये यंत्र जोडलं, तर यंत्र म्हणालं, दोष नाही. तरी त्यांनी सेन्सर बदलले आणि शेवटी माझा मेंदूच काढून नवा बसवला. मित्रांनो, तो दिवस मी विसरणार नाही. आपल्यातलं चांगलं काढून नेतात आणि वाईट तसंच राहतं, तेव्हा कसं वाटतं हे कुणाला सांगायचं? विनोदिनीने बँकेतली ठेव मोडली, काजूची बाग दुसऱ्याला कसायला दिली. आणि नवा मेंदू घेऊन मी जांभळीच्या वळणावर गेलो आणि थांबलो.

गावात कुजबुज सुरू झाली. कृष्णनाथने गावच्या राखणदार देवाला रोटाचा नैवेद्य ठेवला, गाऱ्हाणं घातलं. वळण जवळ आलं की त्याचे तळवे घामाने भिजत. ते मला स्टिअरिंगवर कळे.

विनोदिनी एकदा स्वतः पाहायला आली. मी थांबलो. कृष्णनाथ चाकाखाली दगड लावायला उतरला. केबिनमध्ये ती एकटीच होती. तिने चालकाच्या रिकाम्या आसनावर हात ठेवला आणि नवऱ्याला विचारावं तसं हळूच म्हणाली,

"हयच आसात मा?"

त्या आसनाची स्प्रिंग दबलेली होती. मित्रांनो, आसन माझं आहे. त्यावर वजन असलं की मला कळतं.

त्यानंतर ती वरचेवर माझ्याबरोबर येऊ लागली. एवढा खर्च होऊनही वळणावर मी थांबलो की तिचा चेहरा उजळे.

मग ती वाईट दुपार आली. मी थांबलो, स्टिअरिंग जड झालं, ब्रेक धरायच्या आत मी मागे सरकलो. पाठीमागे शाळेची बस होती. मुलांची किंकाळी मी ऐकली. बसच्या काचेपासून हातभर अंतरावर कृष्णनाथने मला कसंबसं रोखलं.

घरी येऊन तो म्हणाला, "वयनी, हो ट्रक विकून टाकूया. माका आता भंय दिसता."

"कोणाक विकतलस?" विनोदिनी म्हणाली. "घेणाराकय घरदार आसतला."

शेवटी पेडण्याहून क्षमा आली. बिघाड शोधणं हेच तिचं काम. तिने सगळी हकीकत ऐकून घेतली आणि सरळ सांगितलं, "मावशी, काय बिघडला ता माका अजून कळूक नाय. कळासर एकय पार्ट बदलूचो नाय. बंद पडताना माका बघूक व्हया."

भर दुपारी, माल भरून, तिघंही केबिनमध्ये बसली. क्षमाच्या मांडीवर लॅपटॉप होता, त्याची वायर माझ्या पोटात. वळण आलं. इंजिन गप्प झालं. खड्ड्यातल्या पाण्यावर एकही पक्षी नव्हता. क्षमा पडद्याकडे बघतच राहिली.

"दादा, चावी कोणी बंद केली?"

"कोणीच नाय."

"हयसर दिसता, चावी बंद केली. दोष नाय. कोणी तरी हातान बंद करता तशी."

कृष्णनाथचे हात मांडीवर होते. चावी चालूवरच होती. विनोदिनी खिडकीबाहेर बघू लागली.

क्षमा माझ्या खाली शिरली. चावीकडून मेंदूकडे जाणारी वायर केबिनखालच्या पट्टीला घासून आत तुटत आली होती. भरलेल्या वजनाने त्या वळणावर मी कलंडून हिसका बसला की तारा सुटत, थांबलो की जुळत. मेंदूला वाटे, चालकानेच चावी फिरवली. म्हणून यंत्राला दोष दिसत नव्हता.

"जोडलंस काय परत थांबाचो नाय?" विनोदिनीने विचारलं.

"नाय, मावशी."

विनोदिनीने चालकाच्या आसनाकडे एकदा पाहिलं. मग ती म्हणाली, "जोड. ते जिते आसताना तेंच्या हातान कोणाक खरचटला नाय. आताय खरचटूचा नाय."

नवी वायर पडली. दुसऱ्या दिवशी खाणीवरच्या काट्यावर माझं वजन झालं, तेव्हा विनोदिनी आणि कृष्णनाथ केबिनमध्येच होती. जांभळीचं वळण मी न थांबता ओलांडलं. विनोदिनीने पदर डोळ्यांना लावला. त्याच क्षणी माझ्या डाव्या पायरीवर भार पडला आणि उतरला.

दोघंही तशीच केबिनमध्ये असताना धक्क्यावर पुन्हा वजन झालं. काट्यावरचा कारकून शेजारच्या सरस्वतीचा मुलगा, ओळखीतला. त्याने आकडा दोनदा बघितला.

"वयनी, वजन कमी भरता. मालातला उदक गळला आसतला."

"कितक्या कमी?"

"चड नाय. एका माणसाएवढा."

विनोदिनीने मान हलवली आणि माझ्या दारावरून हात फिरवला.

मित्रांनो, मी अजून चालतो आणि कुठेही थांबत नाही. तुमच्या घरातलं एखादं यंत्र, किंवा एखादं माणूस, पुन्हा पुन्हा एकाच जागी थांबू लागलं, तर घाईने त्याचं काळीज बदलायला धावू नका. आधी त्याच्याबरोबर त्या जागेपर्यंत जा. दुखतं कुठे ते कळेल. आणि तिथे आणखी कुणी असेल, तर त्यालाही सुखाने उतरू द्या.