निळ्या ब्यूकची पाठ
शनिवारी दुपारी वकीलबाईंचा फोन आला तेव्हा व्हर्ना कुचेरा डाव्या हाताने बटाटे सोलत होती आणि बटाट्यांना शिव्या देत होती. अपघातापासून उजवा हात खांद्यातूनच कामातून गेला होता. सव्वीस वर्षं गावातल्या बायकांचे केस कापणारी ही बाई आता स्वतःच्या केसांतून कंगवा फिरवायला नवऱ्याला हाक मारायची, आणि लेरॉय असा भांग पाडायचा की आरशात बघवत नसे.

"सोमवारी सकाळी आपला इंजिनिअर येतोय," प्रुइटबाई म्हणाल्या. "गाडीला मागून बसलेला खड्डा मोजायला. तुम्हाला ठोकणारा तो पिकअपवाला म्हणतोय, तुम्हीच एकदम त्याच्या आडव्या आलात. खड्डा डिकीच्या मधोमध निघाला तर तो खोटा पडतो. मागून कुणी फोटो काढलेले नाहीत, म्हणजे ती गाडीच आपली साक्षीदार. आहे ना जागेवर?"

"शेडमध्ये आहे. कुणी बोटसुद्धा लावलेलं नाही."

"छान. आणि जत्रेबित्रेला जाऊ नका. त्यांच्या विमा कंपनीचा माणूस कॅमेरा घेऊन फिरतोय. तुमचा खांदा म्हणजे नाटक आहे, असं त्यांना दाखवायचंय. तुम्ही एक पिशवी उचललीत तरी त्यांचं फावेल."

खांद्याचं ऑपरेशन आणि कुलूप लागलेलं दुकान, दोन्ही या नुकसानभरपाईच्या दाव्यावर टांगलेलं होतं. व्हर्नाने फोन ठेवला, आणि उगाच खात्री करावी म्हणून अंगणातून शेडकडे गेली. दार ढकललं. आत तेलाचा एक डाग होता, बस्स.

लेरॉय पायरीवर कॉफी पीत बसला होता.

"लेरॉय, ब्यूक कुठाय?"

"कोल्बीने नेली, तीन आठवडे झाले. मागितली, दिली. माझ्या बहिणीचं पोर आहे, नाही कसं म्हणायचं?"

"कशाला नेली?"

लेरॉयने कपात बघितलं. "डर्बीला."

मेलेल्या गाडीचं पुढे काय करायचं याबद्दल नेब्रास्काच्या त्या भागात कधीच दुमत नव्हतं. ती काउंटीच्या जत्रेतल्या डर्बीत, चिखलात उतरवायची आणि दुसऱ्या गाड्यांवर आदळायची. जी शेवटपर्यंत हलत राहील ती जिंकली. आणि शहाणा गडी पुढचा रेडिएटर जपून कायम मागे मागे येत ठोकतो, हे तर तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पहिल्याच धडकेत डिकीचा लगदा होणार होता.

"तू फिजिओथेरपीला गेली होतीस," लेरॉय हळूच म्हणाला. "गाडी दिसली की तुझा चेहरा उतरतो. म्हटलं, नजरेआड झालेली बरी."

आता या माणसावर ओरडायचं तरी कसं? व्हर्नाने ओरडणं पुढे ढकललं. "किती वाजताय डर्बी?"

"दोनला."

दीड वाजून गेला होता.

लेरॉयची पिकअप खडीच्या रस्त्यावरून धूळ उडवत निघाली. दोन्हीकडे पुरुषभर उंच मका, आणि पाचव्या मैलावर समोर गवताचे भारे ओढणारा एक ट्रॅक्टर, अगदी निवांत.

"हॉर्न वाजव."

"अगं, तो मिलान आहे. त्याच्या वडिलांच्या मातीला गेलो होतो आपण."

"वाजव म्हणते ना."

लेरॉयने जन्मात कुणाला हॉर्न मारला नव्हता. त्याने शेजारणीचं दार ठोठावावं तसा अगदी अदबीने एकदा दाबला. मिलानने मागे न बघता हात हलवून नमस्कार केला. मग व्हर्ना नवऱ्याच्या अंगावरून वाकली आणि डावा तळवा हॉर्नवर ठेवून दिला, तो ट्रॅक्टर बाजूला होईपर्यंत काढला नाही.

"आता मला वर्षभर चर्चमध्ये तोंड लपवावं लागणार," लेरॉय म्हणाला, आणि त्याने गाडी अशी काही हाणली की व्हर्नाला तो लग्नाआधीचा लेरॉय आठवला.

जत्रेत डुकरांच्या गोठ्यामागून ती मैदानाकडे धावली. प्रत्येक पावलाला खांद्यात कळ मारत होती. कठड्याशी पोहोचली तर दहा गाड्या दोन रांगांत पाठीला पाठ करून उभ्या, इंजिनं गुरगुरताहेत, आणि लोक मोठमोठ्याने उलटे आकडे मोजताहेत. आठ. सात.

तिची निळी ब्यूक डाव्या टोकाला होती. काचा सगळ्या काढलेल्या. छतावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं, 'व्हर्नामामीसाठी'. आणि डिकीवर तो खड्डा, बरोबर मधोमध, एखाद्याने मापून घातल्यासारखा. व्हर्नाला इतका आनंद झाला की ती एक क्षण धावायचीच विसरली.

सहा.

ती ओरडली. तिचं तिलाही ऐकू आलं नाही. समोर कमरेइतका काँक्रीटचा ठोकळा होता, आणि तो ओलांडून गेलं तर या दोन हजार लोकांत कुठेतरी तो कॅमेरेवाला असणारच. प्रुइटबाईंचा आवाज कानात घुमला. एक पिशवी उचललीत तरी.

"गेला खड्ड्यात," व्हर्ना म्हणाली आणि पोटावर घसपटत पलीकडे पडली.

चार. चिखलाने एक बूट ठेवून घेतला. तीन. ती ब्यूकची डिकी आणि समोरच्या काळ्या गाडीची डिकी यांच्या मधे जाऊन उभी राहिली, पाय फाकून, हात उंचावून, जीव खाऊन ओरडत. भीती वाटलीच नाही. उलट अपघातानंतरच्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच आपण कुणीतरी आहोत असं तिला वाटलं.

कोल्बी मागे यायचं म्हणून मान वळवून बसला होता. मागच्या काचेच्या भोकातून त्याला मामी दिसली. प्रत्येक गाडीच्या दाराला एक काठी बांधलेली असते. ती मोडली की हार कबूल, मग त्या गाडीला कुणी शिवायचं नाही. कोल्बीने हात बाहेर काढला आणि काठी कडकन मोडली. लाल निशाण वर गेलं. आकडे दोनवर थांबले.

"मामी, डोकं फिरलंय का तुझं? तीन आठवडे खपलोय मी या गाडीवर. तुझ्यासाठी. वर नाव बघ ना."

"बघितलं, राजा. आता माझ्यासाठीच पुढच्या पुढे बाहेर काढ. एक फूटसुद्धा मागे येऊ नकोस."

"कुचेराबाई," लाउडस्पीकर म्हणाला, "रांगेत घुसणं तुमच्या दुकानात चालत असेल, इथे नाही." सगळं मैदान हसलं. कोल्बी मात्र रडवेला झाला होता, आणि त्याने गाडी गोगलगाईसारखी हळू, सरळ पुढे बाहेर नेली.

सोमवारी इंजिनिअरने खड्डा मोजला. मधोमध, दोन्हीकडे सारखं अंतर. मंगळवारी प्रुइटबाईंनी व्हर्नाला ऑफिसात बोलावून घेतलं.

"विमा कंपनीने हे पाठवलंय," त्या म्हणाल्या आणि कॉम्प्युटर तिच्याकडे फिरवला. "सोबत चिठ्ठी. तुमच्या अशील कठडे ओलांडताहेत, तेव्हा रक्कम कमी करा म्हणे."

पडद्यावर चिखल होता, धूर होता, एका पायात बूट असलेली एक बाई होती. व्हर्नाने मान खाली घातली. "तुम्ही सांगितलं होतंत. मी ऐकलं नाही. चुकलंच माझं."

"मान वर करा आणि बघा." बाईंनी चित्र थांबवलं. "दोन गाड्यांच्या मधे उभ्या आहात. चिरडायची वेळ आलीय. आता उजवा हात बघा."

डावा हात आभाळात होता, बोटं ताणलेली. उजवा कोपरात वाकून बरगडीला चिकटलेला, नुसता तळवा उघडा.

"यापेक्षा चांगला पुरावा मला कुठल्याच डॉक्टरने दिला नसता," प्रुइटबाई म्हणाल्या. "आणि काढलाय त्यांच्याच माणसाने. आज उत्तर लिहिते त्यांना."

व्हर्ना पडद्याकडे बघत राहिली. तिने तेव्हा दोन्ही हात वर केले होते. निदान तिला तरी तसं वाटलं होतं.