पासचा शेरा

"काविळीच्या बाळाला नुसत्या पासवर घरी सोडू नकोस," यंत्रवाल्या काकू म्हणाल्या होत्या आणि तिने ते सरळ कानाआड केलं होतं. कानांवर संशोधन करणाऱ्या बाईने!

काकू प्रसूतिविभागात बाळांचे कान तपासायच्या. तिच्या अभ्यासातली तीनशे बाळं त्यांच्याच हाताखालून गेली. बाळाच्या कानात बारीक बोंडी बसवायची, यंत्र टकटक आवाज सोडतं, आतला कान त्याचा पुसटसा प्रतिध्वनी परत पाठवतो. तो आला की पडद्यावर 'पास'. पण पास म्हणजे कान जागा आहे, एवढंच. आवाज मेंदूपर्यंत नेणारी नसच बिघडली असेल, तर प्रतिध्वनी येतो आणि बाळाला मात्र धड ऐकू येत नाही. जबर काविळीत असं होऊ शकतं. म्हणून अशा बाळाच्या कपाळाला तारा चिकटवून नसेची दुसरी तपासणी करायची, तीही बाळ गाढ झोपलेलं असताना.

बाळ क्रमांक एकशे सत्त्याऐंशी त्या दुपारी झोपायचं नाव घेईना. तिकडे तिची स्वतःची चार महिन्यांची लेक घरी दुधासाठी आकांत करत होती आणि नवऱ्याचे तीन फोन येऊन गेले होते.

"अगं डॉक्टरीणबाई, टेक की घडीभर. पेंगतंय बघ."

"काकू, पास आलंय ना? मग पास! तुम्ही पण ना, राईचा पर्वत करता."

तिने फॉर्मवर 'दुसरी तपासणी: गरज नाही' असं खरडलं, सही ठोकली आणि पळाली.

त्याला अकरा महिने झाले. गेल्या महिन्यात कानाचे सर्जन शस्त्रक्रिया उरकून बाहेर आले, ते टोपी काढत तिच्यापाशीच थांबले. तीन वर्षांच्या एका मुलीच्या आतल्या कानात त्यांनी ऐकण्याचं यंत्र बसवलं होतं.

"जन्मतः पास होती म्हणे," ते म्हणाले. "कुठल्याशा दवाखान्यात. कावीळ झालेली, पण पुढे कोणी बघितलंच नाही. वर्षा-दीड वर्षाची असताना आली असती, तर बोलणं आपल्या पायांनी आलं असतं. आता ओढून आणावं लागेल."

ती तडक फॉर्मच्या कपाटाकडे गेली. एकशे पंचाऐंशी, एकशे शहाऐंशी... हा घ्या. कावीळ: तीव्र. आणि खाली तिचंच अक्षर. नावाच्या जागी नुसतं 'बाळ, मुलगी', कारण तेव्हा बारसंच झालं नव्हतं. फोन लावला तर तो नंबर बंद. विभागप्रमुखांसमोर तिने चूक कबूल केली. त्यांनी पत्र धाडलं, ते तसंच परत आलं.

घरी तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. लेक खेळत बसली की ती मागून हळूच नाव घ्यायची. लेक वळायची, हसायची. पुन्हा हाक, पुन्हा हसू.

"कानाची डॉक्टर आणि घरातलं एक ऐकू येत नाही," नवरा म्हणाला. "दूध उतू जातंय! आणि तिला किती वेळा वळवशील? मान दुखेल तिची."

"माझी वळते रे," ती म्हणाली. "ती वळते का, ते कोण बघतंय?"

मग त्याने गॅस बंद केला आणि म्हणाला, "जा. पिल्लूला मी बघतो."

फॉर्मवरचा पत्ता तिसऱ्या मजल्यावरचा निघाला. दाराला कुलूप. शेजारच्या आजीबाई टॉवेल झटकत बाहेर आल्या.

"ते होय? गेले की दोन महिन्यांमागे. तो फरश्या बसवतो ना, काम असेल तिकडे बिऱ्हाड. बायको पडदे शिवते."

"आणि बाळ?"

"पोर फार गुणी हो! बाप इथे जिन्यात फरशी कापायचा, आमच्या कानठळ्या बसायच्या. पण ही बया शेजारी टोपलीत ढाराढूर! आई कौतुकाने सांगायची, बापाच्या धंद्याची सवय झालीय म्हणून."

तिने कठडा घट्ट धरला. "कुठे गेले, काही बोलले?"

"नाही गं बाई. का, काय झालं?"

काय झालं हे तिने पहिल्यापासून सांगितलं. आजीबाईंनी टॉवेल छातीशी धरला आणि पोरीच्या मानेवर मागे लालसर डाग आहे, एवढी खूण सांगितली.

तेव्हापासून ती फरश्यांच्या दुकानांत जाते, पडद्यांच्या कापडाच्या दुकानांत जाते, भेटेल त्याला विचारते. तुम्हालाही विचारते आहे. तुमच्या जवळपास नवं बिऱ्हाड आलं असेल, बाप फरश्या बसवणारा, आई पडदे शिवणारी, अकरा महिन्यांची मुलगी, मानेवर मागे अंगठ्याएवढा लालसर डाग, तर एवढं करा. तिच्या पाठीमागे उभे राहा. जमिनीवर पाय आपटू नका, सावली पडू देऊ नका. हळूच हाक मारा. वळली तरी तिच्या आईला सांगा, नसेची तपासणी राहिली आहे. आणि नाहीच वळली, तर तिला आणि तिच्या आईला घेऊन आजच रुग्णालयात या.